मध आत की बाहेर

मुलगा रविवारी ठाण्याहून यायचा आणि चपला काढल्या काढल्या माझा फ्रीज उघडायचा. आधी फ्रीज, मग आई. "काय, कशी आहेस?" हे तो फ्रीजच्या दाराआडून विचारायचा आणि मी "बरी आहे" म्हणेपर्यंत त्याने खालचा भाजीचा ड्रॉवर ओढलेला असायचा. मोठागावचा खाडीवरचा नवा पूल झाल्यापासून गाडीने लवकर पोचायचा, म्हणजे माझी परीक्षाही लवकर सुरू व्हायची. मी आपली पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभी. सत्तरी ओलांडलेली बाई स्वतःच्याच घरात अशी उभी राहते याची मला लाज वाटायची, आणि त्या लाजेत राग जास्त होता. डोंबिवलीतल्या त्या शेवटच्या महिन्यांत राग गेला आणि नुसती लाजच उरली. ते कसं झालं ते सांगते.

आमचे हे गेले तेव्हापासून मुलाने एकच धोशा लावला होता, आई, ठाण्याला चल. घोडबंदर रोडला मुलासुनेचा मोठा फ्लॅट आहे, माझ्यासाठी खोली तयार आहे, खाली बाग आहे. सगळं आहे, पण ते माझं नाही. इथे डोंबिवलीत माझं देवघर आहे, वाचनालय आहे, मला न विचारता कोथिंबिरीची चांगली जुडी बाजूला काढून ठेवणारी भाजीवाली आहे. कंपन्यांकडून वास आला की कुठली खिडकी लावायची हेसुद्धा मला ठाऊक आहे. शेवटी भांडण नको म्हणून मीच बोलून गेले, "जोवर माझं स्वयंपाकघर मला झेपतंय तोवर मी इथून हलणार नाही. नाही झेपलं की तू म्हणशील तिथे येईन." मुलगा बापावर गेलाय, शब्द धरून बसतो. म्हातारी माणसं ठीक आहेत की नाही ते त्यांच्या फ्रीजवरून कळतं असं त्याने मोबाइलवर कुठेतरी वाचलं. झालं. तेव्हापासून दर रविवारी तपासणी.

आणि तपासणी कोणाची, तर माझी. मी आयुष्यभर शाळेत गृहशास्त्र शिकवलं. कोणता पदार्थ कशाने नासतो, काय गारव्यात ठेवायचं, काय कोरड्यात, हे फळ्यावर दोन रकाने आखून कितीतरी वर्षं लिहिलं. आत आणि बाहेर. "मुलींनो, फ्रीज म्हणजे थंड कपाट नव्हे," हे माझं वाक्य मी पाठमोरी असले की वर्गात पुटपुटलं जायचं. मी विचारायचे, कांदे? बाहेर. बटाटे? बाहेर, पण कांद्यांपासून लांब. ओली चटणी? आत. सुकी? बाहेर. मध? इथे हमखास कुणीतरी चुकायचं. मध बाहेर, तो आत ठेवला की साखरेसारखा दाणेदार होतो. उत्तर देऊन झालं की मुली फळ्याकडे बघायच्या नाहीत, माझ्या तोंडाकडे बघायच्या. बरोबर आलं की नाही ते त्यांना तिथे कळायचं. मला त्याची मोठी गंमत वाटायची.

माझा फ्रीज बघण्यासारखा होता, हे मी माझ्या तोंडाने सांगते. मिरच्या देठ काढून डब्यात, कोथिंबीर कागदात गुंडाळून, खवलेलं ओलं खोबरं वर बर्फाच्या कप्प्यात. सायीचं भांडं मधल्या फळीवर, त्याच्या शेजारी लोण्याचा वाडगा. लोणच्याची बरणी आत गेलेली मला खपायची नाही. तेलाचा तवंग वर आहे, मीठ नीट पडलंय, चमचा कोरडा आहे, मग त्याला काय धाड भरलीये? तूप बाहेर, गूळ बाहेर, मेतकूट बाहेर. सॉसची बाटली एकदा उघडली की आत, ते मला मान्य आहे. मळलेली कणीक आत ठेवणं हे मात्र आळशीपणाचं लक्षण, असं मी वर्गातही सांगत असे आणि घरातही.

सुनेचा फ्रीज अगदी उलटा. दाणे आत, दाण्याचं कूट आत, रवा आत, मसाले आत, मध आत, आणि लोणच्याच्या तर तीन बाटल्या. एकदा तिची आई टिटवाळ्याहून आली होती, आम्ही सगळ्या ठाण्याला जेवायला. मी फ्रीजमधून पाणी काढायला गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अगं, हा फ्रीज आहे की माळा?" तिची आई कसंनुसं हसली. सुनेने मधाची बाटली बाहेर काढून ओट्यावर ठेवली. मला त्या वेळी आपण फार मार्मिक बोललो असं वाटलं होतं.

तर अशी मी. आणि एका सकाळी चहासाठी दूध काढायला फ्रीज उघडला तर दुधाशेजारी मिठाची बरणी.

हसले. एकटीच होते, चांगली मोठ्याने हसले. होतं असं, हातात बरणी असताना दूध ठेवायला गेले असेन. मग काही दिवसांनी चष्म्याचं घर मिळालं, काकड्यांच्या ड्रॉवरमध्ये. तेव्हा हसू आलं नाही. नंतर एकदा दुपारभर काडेपेटी शोधली, नवी आणली, आणि जुनी दह्याच्या भांड्यामागे सादळून पडलेली. मी कोणाला काही सांगितलं नाही. एवढंच केलं की शनिवारी संध्याकाळी फ्रीज रिकामा करून पुन्हा लावायला लागले. एकेक डबा उघडून बघायचा, फळ्या पुसायच्या, मग सगळं जागच्या जागी. रविवारी मुलगा दार उघडून म्हणायचा, "वा, आई, पैकीच्या पैकी." आणि मी वर तोंड करून, "मग काय समजलास." ज्या बाईने कॉपी करताना सापडलेल्या मुलींना वर्गाबाहेर उभं केलं, ती बाई शनिवारी संध्याकाळी दिवा लावून झाला की कॉपी करत होती. चोरून, आणि तेही स्वतःच्याच घरात.

मग बाळकृष्ण हरवला.

आमच्या देवघरातला बाळकृष्ण माझ्या माहेरचा. लग्नात आईने अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण दिला, मुलीबरोबर देतात तसा. अंगठ्याएवढा, पितळेचा, रांगणारा, एक हात पुढे केलेला. घासून घासून त्याचं नाक गेलंय. बुधवारी मी विरजलेली साय घुसळून लोणी काढलं होतं. ताजं लोणी निघालं की त्यावर साखर घालून आधी त्याच्यापुढे ठेवायचं, मग वाडगा आत, हे माझं लग्नापासूनचं चाललंय. मला स्वतःला डॉक्टरांनी लोणी बंद केलंय, ते रविवारच्या थालीपिठांसाठी असतं. गुरुवारी सकाळी पूजेला बसले, ताम्हनात एकेक देव घेतला, आणि बाळकृष्ण नाही.

देवघर उपसलं. खालचा पाट उचलला. निर्माल्याची पिशवी वर्तमानपत्रावर ओतली आणि कुजलेली फुलं एकेक करून चिवडली. दुसरी एक पिशवी आदल्या संध्याकाळीच खाली मोठ्या कलशात टाकून आले होते, त्यात गेला असेल तर तो गेलाच. कपाटं, उशीचा अभ्रा, कचऱ्याचा डबा, सगळं झालं. फ्रीजसुद्धा बघितला, कारण आता मी माझ्यावर तेवढा संशय घेऊ शकत होते. ड्रॉवर बघितले, दाराचे कप्पे बघितले, डब्यांच्या मागे हात घातला. नाही.

फोन करून सांगावं तर कसं सांगायचं? मुलगा विचारणार, हरवला म्हणजे कसा हरवला? मग मीठ निघणार, काडेपेटी निघणार. देव नसेल तर त्याच्या जागी सुपारी मांडतात, ते शास्त्राला धरून आहे. मी एक छानशी गोल सुपारी धुतली, बाळकृष्णाच्या जागी ठेवली, तिच्यावर तुळशीचं पान असं ठेवलं की चटकन दिसू नये. आईने दिलेल्या देवाच्या जागी मुलापासून लपवायला सुपारी. हात जोडायला गेले तर वर बघवेना.

रविवारी दोघं आली. सून आधी देवघराकडे जाते, तिची ती सवय चांगली आहे. तिने वाकून नमस्कार केला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाकून राहिली. मग उठली आणि माझ्याबरोबर आत आली. मुलाची तपासणी झाली. शनिवारी मी रीतसर सगळं लावलेलंच होतं. "आई, ठाण्यात येऊन आमचाही लावून दे," असं म्हणत तो हॉलमध्ये जाऊन पेपर उघडून बसला. मी तव्यावर थालीपीठ लावलं आणि सुनेला म्हटलं, "अगं, तेवढा लोण्याचा वाडगा काढ."

तिने झाकण काढून चमचा घातला. लोणी गारठून घट्ट झालं होतं. चमचा खळ्‌कन वाजला.

आम्ही दोघींनी एकदमच वाडग्यात बघितलं. तिने चमच्याने लोणी जरा बाजूला केलं, तर आधी पुढे केलेला तो हात दिसला, मग पाठ. बुधवारी लोणी मऊ असताना नैवेद्य दाखवून मी वाडगा उचलला असणार, आणि देवाला उचलून पाटावर ठेवायच्या ऐवजी वाडग्यात ठेवलं असणार. तो आपल्या वजनाने खाली गेला, आणि वर झाकण लावून मी त्याला आत ढकललं. असणार, असणार म्हणतेय, कारण मला यातलं काही आठवत नाही. अजूनही नाही. शनिवारी मी फ्रीजमधला प्रत्येक डबा उघडला होता. लोण्याचा वाडगा नव्हता उघडला, कारण लोणी ही अशी गोष्ट की ती कुठे ठेवायची यात मी चुकणं शक्यच नव्हतं.

थालीपीठ करपायला लागलं होतं. सुनेने गॅस बारीक केला. वाडग्यात बोटं घालून बाळकृष्ण काढला, नळाचं पाणी कोमट होईपर्यंत थांबली, त्याचं अंग धुतलं, पुढे केलेल्या हाताच्या बेचक्यातलं लोणी नखाने काढलं आणि आपल्या ओढणीने त्याला कोरडा केला. हॉलमधून आवाज आला, "काय गं, लोणी आणतेस ना?" ती म्हणाली, "घट्ट झालंय रे, थांब जरा." मग देवघरात जाऊन सुपारी उचलली, बाळकृष्ण जागेवर ठेवला, तुळशीचं पान त्याच्या डोक्यावर ठेवलं. परत येऊन सुपारी माझ्या हातात दिली आणि अगदी हळू म्हणाली, "आई, त्याला नको सांगायला आपण."

ज्या मुलीच्या आईसमोर मी तिच्या फ्रीजला माळा म्हटलं होतं, तीच ही. तिने टोमणा मारला असता तर मी उत्तर दिलं असतं, मला ते येतं. ती "आपण" म्हणाली. मला मान वर करता येईना. सुपारी हातात घेऊन मी तव्याकडे बघत राहिले.

थालीपीठ घेऊन ती बाहेर गेली. मी आत उभी राहून विचार केला. वाचले होते मी. फ्रीज पैकीच्या पैकी, देव जागेवर, साक्षीदार माझ्या बाजूचा. पण आता दर रविवारी ही पोरगी नवऱ्यासमोर तोंड मिटून बसणार. उद्या मी गॅस चालू ठेवून वाचनालयात गेले आणि काही झालं, तर तो तिला विचारणार, तुला माहीत होतं? तिने काय सांगायचं? माझी अब्रू झाकायला मी तिला पुढे करत होते, आणि ती होत होती.

मी बाहेर गेले आणि म्हटलं, "अरे, लोण्यात बाळकृष्ण सापडला. बुधवारपासून आत होता."

मुलगा हसला. घास तोंडात होता, ठसका लागेपर्यंत हसला. "म्हणजे आई, लोणी खायला गेला आणि आतच अडकला? गारठला असेल बिचारा." हसणारच. कोणीही हसलं असतं. बाळकृष्ण आणि लोणी, यात न हसण्यासारखं काय आहे? मीही हसले. तोंड आपोआप हसलं. तेवढ्यावर सोडलं असतं तर पुढची कित्येक वर्षं घरात गंमत म्हणून ती गोष्ट सांगितली गेली असती, आणि मी डोंबिवलीत राहिले असते. सून हसत नव्हती. तिने ताटलीतलं थालीपीठ मोडलंही नव्हतं.

"हसू नको," मी म्हटलं. "तो गेला नाही. मी ठेवला. आणि ठेवल्याचं मला आठवत नाही."

तो थांबला. आधी सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं होतं आता तो म्हणेल, बघ, मी सांगत होतो. तसं काही नाही. लहानपणी पडला की रडायच्या आधी जसा बघायचा तसा बघत होता. मग विचारलं, "अजून काय काय, आई?"

मी सांगितलं. मीठ, चष्म्याचं घर, काडेपेटी. शनिवारची कॉपी. सुपारी मुठीतच होती, तीही टेबलावर ठेवली. वर्गातली मुलगी जशी बाकातली चिठ्ठी काढून देते तसं झालं ते. सांगताना कानशिलं तापली होती, आणि बोलून झाल्यावर काय करावं ते कळेना म्हणून मी त्याला म्हटलं, "खा ना, गार होतंय."

ठाण्याच्या डॉक्टरांनी मला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, काही शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. मग गोळ्या लिहून दिल्या, आत्ताशी सुरुवात आहे म्हणाले. "एकटं ठेवू नका यांना," हे मात्र माझ्याकडे न बघता मुलाला म्हणाले. त्यानंतरच्या रविवारी मुलगा डोंबिवलीला आला तेव्हा फ्रीजपाशी गेलाच नाही, थेट माझ्याशेजारी येऊन बसला. मला चुकचुकल्यासारखं झालं. मीच म्हटलं, "बघ ना उघडून." तर म्हणाला, "असू दे गं." शब्द दिला होता तो मी पाळायचा होता, त्याने आठवणही करून दिली नाही. मीच म्हटलं, दिवाळीनंतर येते.

डोंबिवलीचा फ्रीज मी स्वतः रिकामा केला. बर्फ वितळू दिला, फळ्या धुतल्या, कोंदट वास धरू नये म्हणून दाराला फडक्याची घडी लावून ते किलकिलं ठेवलं. विरजण एका डब्यात घेतलं. बाळकृष्ण सुनेने तिच्या पर्समध्ये घेतला, मी सांगितलं नव्हतं.

ठाण्याला पहिल्या दिवशी तिने माझ्यासाठी फ्रीजची मधली फळी रिकामी करून ठेवली होती. माझं सामान ती ओट्यावर मांडत होती आणि मी स्टुलावर बसले होते. लोणच्याची बरणी तिने न विचारता बाहेरच्या फळीवर ठेवली. तिच्या स्वतःच्या तीन बाटल्याही तिथेच होत्या. हे तिने कधी केलं कोण जाणे. मी सुनेला काहीतरी म्हणणार होते, त्या माळ्याबद्दलचं, ते राहिलंच. मग तिने माझी मधाची बाटली उचलली, फ्रीजचं दार एका हाताने उघडं धरलं आणि विचारलं, "आई, मध आत की बाहेर?"

तिला माहीत होतं. माझा मान ठेवायला विचारत होती.

"बाहेर," मी म्हटलं, आणि बरोबर आलं की नाही ते बघायला तिच्या तोंडाकडे बघितलं.